कोरज्याच्या आईचा चुडा

"मग ती कासारीण सवाष्ण होती की विधवा?"

नागाक्का देवळाच्या मंडपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"आक्का, मी काहीतरी विचारतेय."

"ऐकू आलं."

"मग सांग की."

"गाण्यात न्हाई."

कांचन पायरीवरून उठली. मंडपाच्या खांबापर्यंत गेली, परत आली.

"परत एकदा म्हण. नीट आठवून."

"जन्मभर म्हणत आले. आठवायचं काय त्यात?"

तरी नागाक्कानं म्हटलं. चालीवर नाही, नुसतं बोलून दाखवलं. रेणुकाआई उघड्या कपाळानं डोंगरावर बसलेली. पाण्याला आलेल्या बायांनी तिला बघितलं, घागरी तशाच टाकल्या, वाट बदलली. मग घाटाकडनं कासारीण आली. तिनं डोक्यावरची पेटी उतरवली. म्हणाली, आणा हात.

"आणि?"

"आन चुडा भरला."

"ती स्वतः कोण होती?"

"कासारीण."

कांचननं कपाळाला हात लावला.

कोरज्याची रेणुका दरवर्षी विधवा होते. मार्गशीर्षातल्या पुनवेला जमदग्नी मारला जातो. त्या दिवशी देवीचा चुडा फोडतात, कुंकू पुसतात, पांढरं लुगडं नेसवतात. तिच्या नावानं माळ घातलेल्या जोगतिणीही आपापल्या बांगड्या फोडतात. त्यानंतर गावात लग्न लागत नाही, देवीची ओटी भरत नाहीत, सवाष्णी देवळाच्या पायरीखालूनच हात जोडतात. माघातल्या पुनवेला जमदग्नी परत येतो. चंद्र वर यायच्या आत देवीला नवा चुडा भरतात. ती अहेव होते. गाव मोकळं होतं.

देऊळ केव्हाचं ते कुणाला सांगता येत नाही. गाभाऱ्याचा दगड फार जुना, मंडप नंतरचा, आणि मंडपावरचा पत्रा कमिटीचे अध्यक्ष दौलतआबा यांच्या कारकिर्दीतला. पत्र्यावर त्यांचं नाव आहे.

चुडा भरायचा मान मात्र पहिल्यापासून कासारांचा. म्हणजे कांचनच्या घराचा.

आजीनं भरला. आईनं भरला. बाबा गेले तशी आईनं बांगड्यांची पेटी मुकाट्यानं सुनेच्या हातात दिली, आणि पुढं आईही गेली. सुनेनं, वैजयंतानं, भरला. गेल्या पावसाळ्यात कांचनचा भाऊ घाटात टेम्पो उलटून गेला, आणि घरात सवाष्ण उरली नाही.

कमिटीनं बैठक घेतली. बांगड्या कासाराच्या घरातूनच येतील, हात दुसऱ्याचा लागेल. दुसरा हात म्हणजे दौलतआबांच्या सुनेचा. ठराव एकमतानं झाला. कमिटीत बाई नव्हती.

वैजयंताचं पोट बांगड्यांवर होतं. नवरा गेल्यापासून तिच्या पुढ्यात कुणी हात करत नव्हतं. बायका दारात यायच्या, बांगड्या निवडायच्या, म्हणायच्या, राहू दे, घरी जाऊन भरते. लग्नघरं तर सरळ तालुक्याला जायला लागली होती. आज देवीच्या मनगटाला तिचा हात लागला नाही, तर उद्या कुठल्याच मनगटाला लागणार नव्हता. कांचन कोल्हापुरात कायदा शिकत होती. पण हे कळायला कायदा लागत नव्हता.

"आक्का, एक ओळ म्हण," ती आता खाली बसून म्हणाली. "त्या कासारणीच्याही कपाळाला कुंकू नव्हतं, एवढंच. तू म्हणालीस तर गाव ऐकेल. हे गाणं पुरं येतंय कुणाला तुझ्याशिवाय?"

"तुला येतं."

ते खरं होतं. सुटीत आली की कांचन नागाक्काच्या पायाशी बसायची. गाणी, कथा, कुठल्या पुनवेला काय करायचं आणि काय नाही, सगळं तिनं या म्हाताऱ्या जोगतिणीकडून घेतलं होतं. गाव नागाक्काच्या पाया पडायचं. कांचन एकटी तिच्याशी वाद घालायची.

"माझं कोण ऐकतंय?"

"तू म्हण तर खरं. घाल एक ओळ. कोण धरणार हाय तुला?"

कांचननं मनात ओळ जुळवली.

"म्हण की."

"…खोटं होईल ते."

"मग मला का सांगालीस?"

वाऱ्यानं सुपातलं फोल उडालं. नागाक्कानं सूप फिरवून घेतलं.

"मी कोर्टात जाईन," कांचन म्हणाली.

"जा. चांद उगवायच्या आत परत येतीस न्हवं?"

"चेष्टा कर. तुम्हा सगळ्या म्हाताऱ्या माणसांचं हेच. गप्प बसायचं आणि त्यालाच शहाणपण म्हणायचं."

नागाक्का हसली. पुढचे दात नव्हते तिला.

"खरं हाय."

त्यानं कांचन आणखीच चिडली. भांडायला आलेल्या माणसाला कुणी असं बोलू नये.

"वैजू काय म्हणती?" नागाक्कानं विचारलं.

"ती काय म्हणणार? पेटी भरून बसलीय. पायरीपर्यंत आणून ठेवणार आणि परत जाणार. कमिटीची आज्ञा."

"तिला काय पायजे, विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

नागाक्कानं तांदळातला खडा उचलला, बघितला, बाजूला टाकला.

कांचननं विचारलं नव्हतं.

ऊन कललं तशी माणसं डोंगर चढून यायला लागली. बाप्ये मंडपात, बायका पायऱ्यांच्या खाली. जोगतिणी भिंतीला टेकून बसल्या, उघड्या हातांनी, उघड्या कपाळांनी. कुणी गात नव्हतं. चुडा भरेपर्यंत या देवळात गात नाहीत.

वैजयंता मागच्या वाटेनं आली. डोक्यावर पेटी. ती पायरीशी उतरवून तिनं पदरानं मान पुसली.

"काय वन्सं, कुणाशी भांडालाय?"

"तुझ्यासाठीच भांडतेय."

"मला वाटलं, माझ्यावर राग हाय. घरातनं निघताना बोलला न्हाईसा."

"वहिनी, आज परत जायचं नाही. माझ्याबरोबर सरळ आत चल. कोण अडवतं ते मी बघते."

"बघशीला. आन उद्या सकाळच्या एस्टीनं जाशीला."

"म्हणजे काय?"

"म्हंजे हितं मी ऱ्हाणार हाय."

 तिनं नागाक्काकडं पाहिलं. नागाक्का सूप झाडत होती, कुठंच बघत नव्हती.

"मग… तुला काय पाहिजे?"

"आता विचारलासा?"

"हो. आता विचारतेय."

वैजयंतानं पेटीवरचा हात काढला नाही.

"मला भरायचाय," ती म्हणाली. आवाज इतका खाली होता की कांचनला वाकावं लागलं. "माझ्या हातानं. पण घुसून न्हाई. मानकरी घुसत न्हाईत. त्यास्नी बोलवत्यात."

"ते बोलावणार नाहीत."

"मग न्हाई भरायचा."

"आक्का, ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग काहीतरी कर. एवढा वेळ बसलीयेस."

"पाणी दे जरा."

कांचननं तांब्या आपटल्यासारखा पुढं ठेवला. नागाक्का सावकाश पाणी प्याली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, मंडप ओलांडून गेली, आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. मधोमध.

दौलतआबा आले. पांढरा फेटा, मागे सून. धनश्री नवी नवरी होती. हिरवा शालू, नाकात नथ, आणि ती पडेल या भीतीनं वर धरलेली मान.

"वैजयंता, आणलीस का पेटी? छान केलंस," आबा म्हणाले. "ठेव तिथं. आणि प्रसाद घेतल्याशिवाय जायचं नाही हं."

"ती मानकरी आहे, आबा," कांचन म्हणाली.

"आहे ना. कुणी मान काढून घेत नाही, बाळ. फक्त हात बदलतोय. तू शिकलेली, तुला समजतंय."

"समजतंय म्हणूनच विचारते. ठरावात कारण काय दिलंय?"

"असल्या गोष्टींना कारण लिहीत नाहीत."

"लाज वाटते म्हणून?"

मंडपात कुणीतरी खोकलं.

"कॉलेजात असंच बोलायला शिकवत्यात का?"

"नाही. हे इथंच शिकले."

आबांनी पश्चिमेकडं पाहिलं. सूर्य कड्याला टेकला होता. त्यांच्या धाकटीचं लग्न फाल्गुनात ठरलेलं, मंडपवाल्याला सांगून झालेलं. आज देवीचे हात रिकामे राहिले तर पुढच्या माघापर्यंत गावात अक्षता पडणार नव्हत्या.

"वेळ नाही. धनश्री, ये."

वैजयंतानं पेटी उघडली. हिरव्या बांगड्या एकेक करून पदरानं पुसल्या, ताटात मांडल्या. ताट तिनं धनश्रीच्या हातात दिलं नाही. पायरीवर ठेवलं आणि हात मागे घेतला. धनश्रीनं ते तिथून उचललं. दोघींनाही सांगावं लागलं नाही.

कांचन हे बघत होती. 

धनश्री पायऱ्या चढली, मंडप ओलांडला, आणि थांबली. उंबऱ्यावर नागाक्का होती.

"आक्का, जरा बाजूला व्हा," आबा म्हणाले.

"का रं?"

"सवाष्ण चुडा घेऊन निघालीय. तिच्या वाटेत तुम्ही असं…"

"असं म्हंजे?"

"तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय. तू सांग."

आबांनी घसा साफ केला. "सवाष्णीला उघडं कपाळ आडवं येऊ नये. रीत आहे, आक्का. मी केलेली नाही."

"रीत हाय," नागाक्का म्हणाली. "मीबी मानते."

कांचननं डोळे मिटले. संपलं, तिला वाटलं. म्हातारीनं मान्य केलं. सगळ्या म्हाताऱ्या शेवटी मान्यच करतात.

नागाक्का चौकटीला धरून उठली. उंबरा मोकळा केला. भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"मी सरकले," ती म्हणाली. "आतली कुठं सरकंल?"

…

धनश्रीनं समोर पाहिलं.

आत समई होती. पांढरं लुगडं. पुसलेलं कपाळ. दगडी अंगाला जोडलेले पितळी हात पुढं केलेले, आणि मनगटं रिकामी. दरवर्षी असंच असायचं. दरवर्षी सगळ्यांनी चुड्याकडं बघितलं होतं. चुड्याआधीच्या बाईकडं कुणी बघितलं नव्हतं.

ताटातल्या बांगड्या किणकिणल्या. 

"मामंजी…"

"काय झालं? जा पुढं."

"मामंजी, मला भीती वाटते."

"देवीची कसली भीती?"

 पायऱ्यांखाली बायकांत कुजबुज उठली.

"वैजूनं सवाष्ण असतानाच भरला हुता."

"तिच्या सासूनंबी."

"गप गं."

"गप काय? काय झालं दोघींचं, बघ की."

हळू बोललेलं मंडपातही ऐकू आलं. वैजयंतानं ऐकलं. ती पेटीचा पट्टा ओढत होती, तो ओढतच राहिली.

धनश्रीनं ताट खाली ठेवलं. एक पाऊल मागे घेतलं, मग आणखी एक.

कांचन मंडप ओलांडून नागाक्कासमोर आली. दातांवर दात दाबून बोलली.

"हे काय केलंस तू? घाबरलेल्यांना आणखी घाबरवलंस. आता म्हणतील, देवीनंच दादाला नेलं. वहिनीनं देवीला हात लावला म्हणून नेलं."

"म्हणतच हुत्या की."

"कधी?"

"पाठीमागं. तुझी वैनी दारातनं आत गेली की." नागाक्कानं तिच्याकडं पाहिलं. "आता तोंडावर म्हणाल्या."

"आणि त्यानं बरं झालं?"

नागाक्का परत भिंतीला टेकली.

"कोण पुढं येतंय?" आबांचा आवाज चढला होता. "कुठलीही सवाष्ण चालेल. चला. शेवंता, ये तू."

शेवंता पदर सारखा करायला लागली. तो आधीच सारखा होता. तिच्या शेजारचीला अचानक पोराची आठवण झाली. आबांची स्वतःची बायको पलीकडच्या डोंगराकडं बघायला लागली, जणू तो आजच उगवला होता.

"आक्का, तुम्ही गावाला कोड्यात घालताय."

"मी कुठं काय बोलले? तू रीत सांगितलीस. मी व्हय म्हणाले."

"दरवर्षी सवाष्णच भरत आली."

"आली. दरवर्षी कुणी मला बाजूला व्हायला सांगत न्हवतं."

सूर्य कड्याआड गेला. पूर्वेच्या टेकडीमागं उजेड पांढरा व्हायला लागला होता. आबांनी पुजाऱ्याला गाठलं.

"काका, तुमचं काय म्हणणं?"

"बांगड्यांतलं मला कळत नाही, आबा," पुजारी म्हणाला. "मी घंटेवाला. सांगाल तेव्हा वाजवतो."

"मग आक्का, तुम्हीच भरा. तुम्ही देवीच्या नावाच्या. तुम्हाला कोण काय म्हणणार?"

"मला भरता येत न्हाई," नागाक्का म्हणाली. "मी तिचा चुडा फोडणारी."

कुणीच हललं नाही. टेकडीमागचा उजेड वाढत होता.

कांचनच्या मनात भाषण तयार होतं. कधीपासून तयार होतं. आता बोलायचं होतं, या सगळ्यांच्या समोर, एकेकाचं नाव घेऊन. तिनं तोंड उघडलं…

नागाक्कानं तिच्या तोंडावर पंजा ठेवला. खरोखरचा, खरखरीत, तांदळाच्या भुकटीनं माखलेला. कांचननं तो ओढून काढायचा प्रयत्न केला. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.



मग दौलतआबांनी पायरीकडं पाहिलं.

"वैजयंता."

"जी."

"तू…" ते थांबले. "तुला भीती नाही वाटत?"

"मला कसली, आबा? माझं जायचं ते गेलंय."

कुजबुज बंद झाली.

"मग भर तू."

वैजयंता उठली नाही.

"भर म्हणतोय ना."

"विडा?"

"काय?"

"मानकऱ्याला विडा देत्यात. माझ्या सासूला तुम्हीच द्यायचासा. मलाबी दिलाय."

आबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मदतीला कुणी नव्हतं. सगळे त्यांच्याकडंच बघत होते. ते खाली उतरले. तबकातला विडा उचलला आणि वैजयंताच्या पुढं पायरीवर ठेवला.

तिनं विड्याकडं पाहिलं.

"ठेवलेला मी घेत न्हाई, आबा."

 नागाक्काचा पंजा अजून कांचनच्या तोंडावर होता, पण आता तो नसता तरी ती बोलली नसती.

आबा वाकले. विडा परत उचलला. दोन्ही हातांनी पुढं केला. वैजयंतानं पदर पसरून नाही, ओंजळीत घेतला. कपाळाला लावला. मग ताट उचललं आणि चढून गेली.

उंबऱ्याशी ती थांबली नाही.

आत ती देवीसमोर मांडी घालून बसली. तेलाचं बोट पितळी बोटांवर फिरवलं. पहिली बांगडी घेतली. तिचे ओठ हलत होते. मंत्र असेल असं बाहेरच्यांना वाटलं. कांचन उंबऱ्यापर्यंत गेली होती, तिला ऐकू आलं. बांगड्या भरताना वैजयंता गावातल्या प्रत्येक बाईला जे म्हणायची, तेच ती म्हणत होती.

"ढिला सोडा हात. दुखणार न्हाई."

बांगडी बोटांवरून उतरली, अंगठ्याशी अडली. मंडपातले सगळे पुढं वाकले. आता फुटली तर… वैजयंतानं ती दाबली नाही. जरा कलती केली, थांबली, परत कलती केली. बांगडी मनगटावर गेली.

मग दुसरी. मग पुढची.

दोन्ही हात भरले आणि टेकडीवर चंद्राची कड दिसली. पुजाऱ्यानं घंटा वाजवली, कुणी न सांगता. जोगतिणी उठल्या. उदं गं आई उदं. डोंगर भरून गेला.

आता जोगतिणींचे हात भरायचे. नागाक्का सगळ्यांत आधी वैजयंतासमोर बसली आणि दोन्ही हात पुढं केले. मग बाकीच्या. पेटीभोवती गर्दी झाली. गर्दीच्या मागून धनश्री आली. आबांकडं न बघता आली. वैजयंताच्या पुढ्यात बसली आणि मनगट पुढं केलं.

"हातातल्या जुन्या झाल्यात," ती म्हणाली.

जुन्या नव्हत्या. लग्नातल्या होत्या.

वैजयंतानं तो हात हातात घेतला. क्षणभर नुसताच धरला.

"ढिला सोडा," ती म्हणाली.

त्यानंतर शेवंता आली. मग पोराची आठवण झालेली ती बाई आली, पोराला कडेवर घेऊन. आबांची बायको शेवटी आली आणि गुडघेदुखीबद्दल बोलत बसली. पेटी खाली होत गेली. कांचन खांबाला टेकून बघत होती. हसत होती, आणि ते तिला कळतही नव्हतं.

आबा खाली उतरताना तिच्याजवळ थांबले.

"झालं ना मनासारखं?"

"तुमच्या मनासारखं झालं का?"

"लग्न तरी लागेल," ते म्हणाले, आणि गेले.

माणसं पांगली. मंडपात समईचा उजेड उरला आणि बाहेर चांदणं. वैजयंता पेटीत कागद घालत होती. कोपऱ्यातल्या थोड्या बांगड्या राहिल्या होत्या. तिच्या दंडावर तेल लागलेलं, बोटं हिरव्या काचेनं खरचटलेली. आणि मनगटं रिकामी. सगळ्या गावाचे हात भरून झाले होते.

कांचनचं हसू गेलं.

तिनं पेटीतल्या बांगड्या उचलल्या.

"वहिनी, हात आण."

वैजयंतानं हात मागे घेतला.

"नको, वन्सं."

"का? आता कोण काय बोलणार आहे?"

"कुणी न्हाई बोलणार."

"मग?"

"नको." तिनं पेटी बंद केली. "ह्यास्नी माझ्या हातात भरताना फार आवडायचं. दरवेळी एक तरी फोडायचे." ती हसल्यासारखी झाली. मग तिनं पेटी डोक्यावर घेतली आणि पायऱ्या उतरून गेली. यावेळी पुढच्या वाटेनं.

कांचन बांगड्या हातात घेऊन उभी राहिली.

नागाक्का गाभाऱ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. हात मनगटापासून वर हिरवे. कांचन तिच्याजवळ गेली, बसली नाही.

"दर माघाला आईचा नवरा परत येतो," ती म्हणाली. "मरतो आणि येतो. गाव घंटा वाजवतं. माझा दादा नाही येत, आक्का… कुठल्याच पुनवेला नाही येत. वहिनी आज त्याच देवीचे हात भरून गेली, आणि रिकाम्या हातांनी गेली. मग हे सगळं कशाला? कुणासाठी?"

 तिनं तोंड फिरवलं.

नागाक्कानं आत देवीच्या हातांकडं पाहिलं.

"आईचा तरी कुठं येतो, पोरी…" ती म्हणाली. "चुडा येतो."